मदत की भरपाई? बोरघाट ते कुंडमळा, एका हिशोबाची गोष्ट

ज्यांना लोणावळा लोकलच्या आवाजात हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो इथे लिहून टाकतोय. बोलण्याची सवय आहे, त्यामुळे मध्येमध्ये गप्पांच्या वळणावर गेलो तर सांभाळून घ्या.

आजचा भाग सुरू होतो बोरघाटात, जुन्या हायवेवर. मागच्या महिन्यात मामाबरोबर टेम्पोतून खोपोलीला उतरत होतो. शिंग्रोबाचं देऊळ आलं तसा मामानं वेग कमी केला, खिशातून एक रुपया काढला आणि खिडकीतून टाकला. हात जोडले, गिअर बदलला, पुढे निघाला. या घाटात गाडी चालवणारी जुनी माणसं हे करतातच. घाट सुखरूप पार पडावा म्हणून.

शिंग्रोबाची दंतकथा तुम्हाला माहीत असेल. इंग्रजांच्या इंजिनियरांना डोंगरातून वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं आपली मेंढरांची वाट दाखवली. बक्षीस काय हवं असं साहेबानं विचारलं, तर म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या. साहेबानं गोळी घातली. ही लोककथा आहे, कागदोपत्री पुरावा म्हणून मी ती सांगत नाहीये. पण लोकांनी ती दीडशे वर्षं जपली, कारण तिच्यातला प्रश्न खरा आहे. हा घाट बांधताना आणि वापरताना ज्यांचं नुकसान झालं, त्यांना कोण देणं लागतं?

हा प्रश्न मला मामाच्या पायामुळे पडला.

वीस हजारात मिटलेली केस

माझं आजोळ कामशेतच्या जवळ. २००९ साली मामा ३८ वर्षांचा होता आणि मोटारसायकलवर दुधाचे कॅन बांधून लोणावळ्याला घालायचा. एका पहाटे जुन्या हायवेवर मागून टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला गावातल्या दोन वजनदार माणसांना घेऊन दवाखान्यात आला. "गरीब माणूस आहे, लेकरंबाळं आहेत, मिटवून टाका." वीस हजार रुपये दिले, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही झाली. एफआयआर नाही, पंचनामा नाही. पाय जुळला पण आखूड राहिला. दुधाचा धंदा सुटला. मामीनं दोन म्हशी विकल्या.

मी तेव्हा शाळेत होतो. पुढे बीटेक केलं, नोकरी लागली. एकदा कंपनीत एका विमा क्लायंटच्या प्रोजेक्टवर क्लेम मोजणारं मॉड्युल लिहायला मिळालं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की माणसाला झालेल्या दुखापतीचा हिशोब करायची या देशात एक ठरलेली रीत आहे. त्या रात्री घरी येऊन मी मामाचे आकडे घातले. उत्तर नंतर सांगतो. आधी ती रीत कुठून आली ते बघू, कारण तिचा इतिहास आपल्याच घाटातून जातो.

जखमी केलं तर पैसे, मारलं तर सुटका

इंग्रजी कायद्यात एक जुनं विचित्र तत्त्व होतं. एखाद्यानं निष्काळजीपणानं तुमचा पाय मोडला, तर तुम्ही त्याच्यावर दावा लावू शकता. पण तुम्ही मेलात, तर दावाही तुमच्याबरोबर मेला. तुमच्या बायकोला, मुलांना दावा लावता येत नसे. म्हणजे नुकसान करणाऱ्याच्या दृष्टीनं जखमी माणूस महाग आणि मेलेला माणूस फुकट!

इंग्लंडात रेल्वे आली, अपघात वाढले, तेव्हा हे चालेना. १८४६ मध्ये तिथे कायदा झाला की मृताच्या घरच्यांना दावा लावता येईल. तोच कायदा भारतात आला १८५५ मध्ये, 'फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट' या नावानं. चूक, निष्काळजीपणा किंवा कर्तव्यात कसूर यामुळे कुणाचा जीव गेला, तर त्याची बायको किंवा नवरा, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येईल, एवढा छोटासा कायदा.

आता तारखा बघा. कायदा १८५५ चा. बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. म्हणजे पहिला सुरुंग उडायच्या आधी कायदा तयार होता.

घाटातले बेचाळीस हजार

बोरघाटाचं काम किती अवघड होतं याची कल्पना आज रेल्वेच्या खिडकीतून येत नाही. साधारण २५ किलोमीटरच्या चढात साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची होती. बोगदे, पूल, सरळ तुटलेले कडे. मजुरांना दोरखंडांनी कड्यावरून खाली सोडायचे, ते लोंबकळत दगडाला भोकं पाडायचे, त्यात दारू भरायची आणि वर ओढून घ्यायचं. दोर तुटला किंवा सुरुंग लवकर उडाला की संपलं. १८६१ मध्ये कामावर एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसं होती. १८५९-६० च्या सुमारास तळांवर पटकीची साथ आली आणि माणसं पटापटा गेली. आठ वर्षांत एकूण किती मेली याचे अंदाज वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात.

२१ एप्रिल १८६३ ला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचं उद्घाटन केलं. प्रमुख इंजिनियर जेम्स बर्कले यांचं नाव इतिहासात राहिलं. कंत्राटदारांचीही नावं माहीत आहेत. आधी फॅविएल. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून घाटात मोठा दंगा झाला, आणि त्याच वर्षी कंत्राट त्याच्याकडून गेलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवलं आणि पूर्ण केलं. हे खरोखर मोठं काम आहे. पण त्याच घाटात ज्या हजारो मजूर बायका विधवा झाल्या, त्यांचं काय? १८५५ चा कायदा तर त्यांच्यासाठीही होता ना?

कागदावर होता. त्यांच्यापर्यंत पोचायला मात्र त्याच्या वाटेत चार भिंती होत्या.

पहिली भिंत: चूक सिद्ध करा. दोर कुणाच्या हलगर्जीमुळे तुटला हे विधवेनं दाखवायचं. साक्षीदार कोण? दुसरे मजूर, जे पुढच्या हंगामात कुठे असतील सांगता येत नाही.

दुसरी भिंत: साखळी. रेल्वे कंपनीच्या खाली कंत्राटदार, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली मुकादम, त्याच्या खाली मजूर. मालक कोण म्हणायचं? (आज फूड डिलिव्हरी ॲपवाल्यांच्या बाबतीत हाच वाद चालतो. 'तो आमचा कर्मचारी नाही, पार्टनर आहे.' बग जुनाच आहे, फक्त व्हर्जन नवं.)

तिसरी भिंत: 'सहकाऱ्याची चूक'. १८३७ पासून इंग्लंडातले न्यायाधीश म्हणत होते की एका कामगाराच्या चुकीमुळे दुसऱ्या कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण कामावर येताना त्यानं तो धोका पत्करलेलाच असतो. आता घाटात सुरुंग लावणारा कामगारच, मरणारा कामगारच. मग मालक मोकळा.

चौथी भिंत: पटकी. तिथे तर चूक दाखवायलाही कुणी नव्हतं. घाणेरडं पाणी आणि गर्दीचे तळ ही कुणाची जबाबदारी असू शकते, हा विचारच कायद्यात यायचा होता.

आणि इथे एक गोष्ट मला फार टोचते. जीआयपी रेल्वे कंपनीच्या शेअरहोल्डरांना सरकारनं ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. रेल्वेनं तेवढं कमावलं नाही, तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या सारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशातून. म्हणजे धोका वाटून घ्यायची कल्पना तेव्हा लोकांना चांगली माहीत होती. लंडनमधल्या माणसाच्या पैशाचा धोका सरकारनं उचलला होता. दोराला लटकलेल्या माणसाच्या जिवाचा धोका त्याचा त्यानं उचलायचा होता.

घोड्याची केस

घाटात सगळ्यात जास्त माणसं कामावर होती त्याच वर्षी, १८६१ मध्ये, कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात एका घोड्याची केस निकाली निघाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असते.

झालं असं की खिदिरपूरच्या सरकारी डॉकयार्डातले मजूर रस्त्यावरून एक जड लोखंडी तुकडा नेत होते. पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी आली. मजूर घाबरून तुकडा टाकून बाजूला झाले, मोठा आवाज झाला, घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीनं सरकारकडे ३५० रुपये मागितले. प्रश्न होता, सरकारवर असा दावा लागतो का? कोर्ट म्हणालं, लागतो. कारण डॉकयार्ड चालवणं हे काही राजाचं खास काम नाही, कुठलाही व्यापारी ते करू शकतो. लढाई, न्याय असली राजसत्तेची कामं वेगळी, तिथे दावा नाही.

म्हणजे सरकार जबाबदार धरलं जाऊ शकतं हे तत्त्व आपल्या देशात एका घोड्यामुळे पक्कं झालं, ज्याच्या मालकाकडे वकील होता. घाटातल्या माणसाकडे तो नव्हता. कायदा आहे की नाही हा अर्धाच प्रश्न असतो. तो वापरायला लागणारा वेळ, कागद, वकील आणि हिंमत कुणाकडे आहे, हा उरलेला अर्धा.

सरकार कुठे जबाबदार आणि कुठे नाही, याची ही 'राजाचं काम की व्यापाऱ्याचं काम' ही विभागणी पुढे शंभर वर्षांहून जास्त कोर्टांना छळत राहिली. ती लक्षात ठेवा, शेवटी इंद्रायणीच्या काठावर परत लागणार आहे.

'चूक कुणाची' हा प्रश्नच काढून टाकला

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या, गोद्या, रेल्वे सगळीकडे कामगार संघटित होऊ लागले. घाटाखाली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. १९२३ मध्ये 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट' झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

त्यानं काय केलं? पहिली भिंतच पाडली. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला? मग मालकानं भरपाई द्यायची. चूक त्याची होती का, हे विचारायचंच नाही. आणि किती द्यायची यासाठी चक्क तक्ता. आजच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी धरतात, तर्जनी गेली तर १४ टक्के. आम्ही कोडमध्ये ज्याला लुकअप टेबल म्हणतो तेच. वाचताना अंगावर काटा येतो, माणसाच्या बोटांचं दरपत्रक वाटतं. पण विचार करा, तक्ता नव्हता तेव्हा दर शून्य होता. १९३८ च्या दुसऱ्या एका कायद्यानं ती तिसरी, 'सहकाऱ्याची चूक' वाली भिंतही गेली.

रस्त्यावरचा फॉर्म्युला

मग रेल्वेच्या शेजारून मोटारी धावू लागल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, प्रत्यक्ष अंमल १९४६ पासून. १९५६ च्या दुरुस्तीनं अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली, ज्याला आपण साध्या भाषेत क्लेम कोर्ट म्हणतो. १९८२ मध्ये चूक सिद्ध न करताही काही ठरावीक रक्कम मिळू लागली, मृत्यू झाला तर १५ हजार. आज तीच तरतूद मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी आहे.

चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायची असेल तर फॉर्म्युला आहे. तो सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत बसवून दिला. इनपुट फक्त चार: वय, कमाई, घरी अवलंबून असलेली माणसं आणि नोकरी पक्की की स्वतःचा धंदा.

उदाहरण घेऊ. २७ वर्षांचा मुलगा, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याला २० हजार. घरी बायको, मुलगी, आई. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. तरुण आहे, कमाई वाढली असती, म्हणून ४० टक्के वाढवा: ३ लाख ३६ हजार. त्यातला एक तृतीयांश त्यानं स्वतःवर खर्च केला असता, तो वजा करा: २ लाख २४ हजार. या वयाला गुणक १७. गुणाकार करा: ३८ लाख ८ हजार. वर अंत्यसंस्कार, जोडीदार गमावणं वगैरेंचे ठरलेले आकडे.

कुणी म्हणेल, जीव काय आकड्यात मोजता येतो का? नाही येत. हा फॉर्म्युला जिवाची किंमत मोजतच नाही. मुलीची फी आणि आईची औषधं जिथून येत होती ती जागा किती रिकामी झाली, एवढंच तो मोजतो.

आणि आता मामाचा हिशोब. दुखापतीत स्वतःचा खर्च वजा करत नाहीत. ८ हजार महिना, म्हणजे वर्षाला ९६ हजार. ३८ व्या वर्षी गुणक १५. पायामुळे कमाईची क्षमता समजा २० टक्केच कमी झाली: २ लाख ८८ हजार. दवाखाना, वेदना, बुडालेले महिने वेगळे. मिळाले किती? वीस हजार.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या दोन गोष्टींचा. एक, हे पैसे त्या 'गरीब टेम्पोवाल्या'नं द्यायचेच नव्हते. टेम्पोचा विमा चालू असता तर विमा कंपनीनं द्यायचे होते, त्याचसाठी तो हप्ता सक्तीचा आहे. मामानं दया दाखवून टेम्पोवाल्याला वाचवलं असं सगळ्यांना वाटलं. वाचली असती तर विमा कंपनी! आणि दोन, १९९४ ते २०२२ या काळात असा दावा लावायला मुदतच नव्हती. दार इतकी वर्षं उघडं होतं. आमच्या घरात कुणाला ते दार आहे हेच माहीत नव्हतं. मी मामाला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाळा, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर म्हशी राहिल्या असत्या." आता सांगून उपयोग नाही, कारण कागदच नाहीत. ना एफआयआर, ना दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड.

कुंडमळा: पायी चालणाऱ्याला फॉर्म्युला नाही

आता या इतिहासाचा शेवटचा टप्पा, आणि तो अजून संपलेला नाही.

१५ जून २०२५, रविवार. मावळातल्या कुंडमळ्यात, तळेगावजवळ, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. नदीला पाणी होतं. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचे फलक लावलेले होते आणि नव्या पुलासाठी निधीही मंजूर होता. सरकारनं मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले, जखमींच्या उपचारांचा खर्च उचलला.

ही मदत लवकर जाहीर झाली हे चांगलंच आहे. पण सरकारी कागदात या रकमेला काय म्हणतात बघा: 'सानुग्रह अनुदान'. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपा करून. म्हणजे देणारा म्हणतो, मी देणं लागत नाही, तरी देतोय. त्यात वय विचारत नाहीत, कमाई विचारत नाहीत, घरी किती माणसं आहेत ते विचारत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक कुणाची हे विचारत नाहीत.

१९२३ च्या कायद्यातही चूक विचारत नाहीत, मग फरक काय? फरक असा की तिथे चूक न विचारता हक्क मिळतो. इथे चूक न विचारता प्रश्न बंद होतो.

समजा त्याच दिवशी त्याच नदीत एखादी बस पडली असती. प्रवाशांच्या घरच्यांना क्लेम कोर्ट होतं, फॉर्म्युला होता, विमा होता. पुलावरून पायी चालणाऱ्यासाठी यातलं काही नाही. नदी तीच, मरण तेच. मोटार कायद्यात ५ लाख ही चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम आहे, ज्याला जास्त हवं तो चूक दाखवून पुढे जाऊ शकतो. पुलाच्या बाबतीत बहुतेक घरांसाठी ५ लाखांवर गोष्ट संपते.

कायद्यानं संपायची गरज नसते. १८५५ चा तो फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट, घाटातल्या विधवांपर्यंत न पोचलेला, आजही जिवंत आहे! मृत्यूपासून दोन वर्षांत त्याखाली दिवाणी दावा लावता येतो. सरकारवर दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि नजीरही आहे. दिल्लीच्या चांदनी चौकात नगरपालिकेचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली होती. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बांधकाम तुमच्या ताब्यात, ते जुनं झालंय, रस्त्याला लागून आहे, तर वेळोवेळी तपासणं हे तुमचं काम. मनोरा आपोआप पडत नाही. तो पडला हाच निष्काळजीपणाचा पुरावा, तुम्ही काळजी घेतली होती हे तुम्ही दाखवा. पुलांची देखभाल हे काही लढाईसारखं राजाचं खास काम नाही, हे घोड्याच्या केसनंतर वेगळं सांगायला नको.

"पण फलक होता ना, लोक का गेले?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, माझ्याही आला होता. वाजवी आहे. कायदा त्याला उत्तर देतो: चूक वाटून घेता येते. जखमी माणसाची चूक २५ टक्के असेल तर भरपाई २५ टक्क्यांनी कमी होईल. पण त्यामुळे उरलेले ७५ टक्के माफ होत नाहीत. आणि दर रविवारी गर्दी होते हे माहीत असताना नुसता फलक पुरेसा होता का, हा प्रश्न कोर्टात विचारता येतो.

प्रत्येक अपघातात कुणीतरी दोषी असतोच असंही नाही, हेही सांगायला हवं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिला. तिथे कोसळायला पूल नव्हता, अचानक वाढलेलं पाणी होतं. जबाबदारी ठरवणं तिथे जास्त अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून 'पर्यटकांनाच अक्कल नाही' असं कमेंटमध्ये लिहून मोकळं होणं हा काही निवाडा नव्हे.

बदल होतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. आकडा फार मोठा नाही. पण तो मंत्र्यानं दौऱ्यावर जाहीर करायचा नाही, मागणाऱ्यानं हक्कानं मागायचा आहे, हे मोठं आहे.

जाता जाता

हे वाचणाऱ्या बहुतेकांकडे बाईक आहे आणि पावसाळ्यात आपण सगळे घाटात जातोच. म्हणून तीन गोष्टी. अपघात झाला तर आधी जीव, मग लगेच एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद, फोनवर फोटो काढून ठेवा. दुसरं, २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे, पण तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आतच दावा लावा. तिसरं, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कामगार यांना कायद्यानं मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा.

आणि कुणी दवाखान्यात येऊन म्हणालं "मिटवून टाका", तर सही करायच्या आधी एक दिवस मागून घ्या. त्या एका दिवसात कुणाला तरी फोन करा. मला केलात तरी चालेल, मी निदान गुणाकार करून देईन.

परतताना त्या दिवशी आम्ही घाट चढून आलो. खंडाळ्याला चहा प्यायला थांबलो. मी मामाला विचारलं, "तुम्ही एवढे रुपये टाकता, पण त्या दिवशी काही शिंग्रोबानं वाचवलं नाही." मामा पाय चोळत म्हणाला, "जीव वाचवला ना. बाकीचं बघायचं काम त्याचं थोडंच होतं?"

बरोबर आहे. ते काम आपलं होतं. भेटू पुढच्या भागात.